वखारीचा धर्म
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मजसारख्या निवृत्त शिक्षकास आपणांपुढे बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक आभारी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पांडित्यपूर्ण विवेचन माझ्या हातून होणार नाही. तथापि आज सायंकाळी सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव यावयाचा आहे, त्यासंबंधी माझे विचार मांडणे मी कर्तव्य समजतो.

ठराव आपणांस ठाऊकच आहे. मंडळाच्या मालकीची पेठेतील जुनी वखार पाडावी, तेथे पत्र्याची मोठी शेड उभारावी, तिच्यात लहान लहान खोल्या काढाव्यात, आणि ज्यांना आपले घरगुती किंवा दुकानाचे सामान ठेवावयाचे असेल त्यांना त्या मासिक भाड्याने द्याव्यात. येणारे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीकडे लावावे. हा व्यवसाय अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला आणि आता पुण्यामुंबईतही रुजला आहे. आपल्या तरुणांनी तो बीडला आणावा असे म्हटले, ही आनंदाची गोष्ट आहे. माझा त्यास विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याची वस्तू सांभाळण्याचा धंदा आपल्या मुलखास नवा नाही; आणि त्या जुन्या धंद्याचे जे नियम होते ते समजून घेतल्यावाचून कुदळ उचलू नये.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या १५१ व्या कलमात सांगितले आहे, की दुसऱ्याची वस्तू ज्याने ताब्यात घेतली, त्याने सामान्य विवेकी मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेतली पाहिजे. वखारवाल्याचा सारा धर्म या एका वाक्यात आला. खोलीस कुलूप लावून भाड्याची पावती फाडणे एवढ्याने तो पुरा होत नाही. आणि जो दुसऱ्याचे जतन करण्याचे पैसे घेतो, त्याने आपल्या व्यवसायात नासाडी करावी, पाणी वाया घालवावे, शेजारच्या शेतात प्लास्टिकच्या चिंध्या उडू द्याव्यात, हे त्याच्या नावास शोभत नाही.

आता आपल्या पूर्वजांची साठवण पाहू. 'अमक्या गोष्टीचे पेव फुटले' असे आपण रोज म्हणतो. परंतु पेव पाहिलेली मुले आज किती निघतील? पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे आणि रुंद पोटाचे कोठार. कोरड्या, कठीण जमिनीची जागा निवडून ते खणीत, आतून माती-शेणाने लिंपीत, तळाशी व कडेने कडबा आणि भुसा घालीत, ज्वारी भरून तोंडावर दगड ठेवीत आणि वरून माती चढवीत. मराठवाड्यातील गावोगावी अशी पेवे होती. धान्य सजीव असते. ते आणि त्यातील किडे आतील प्राणवायू वापरून संपवितात, कर्बवायू वाढतो, आणि हवेवाचून कीड मरते. औषधाचा कण नाही, विजेचा खर्च नाही, आणि वर्षानुवर्षे तेच पेव पुन्हा पुन्हा वापरात येते. या तत्त्वावर आज हवाबंद पिशव्या आणि कोठ्या विकल्या जातात, हे ध्यानात घ्यावे.

पेव भाड्याने देण्याची चालही आपल्या महाराष्ट्रात होती. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथील माती अशी, की खोल खणले तरी पेवाच्या कडा ढासळत नसत. गावकऱ्यांची पेवे आणि व्यापाऱ्यांची हळद, असा तेथील व्यवहार असे. पेवातील हळद वर्षानुवर्षे टिके. सांगलीच्या हळदबाजाराच्या लौकिकात या मातीच्या वखारींचा मोठा वाटा आहे. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बरीच पेवे पाण्याखाली गेली आणि निकामी झाली. एवढ्यावरून पेवाचे गुणही कळतात आणि मर्यादाही कळतात.

घरातील साठवणीचेही असेच होते. वाड्यांतून भिंतीलगत बांधलेले बळद असे; धान्य वरून भरावयाचे आणि खालच्या तोंडातून काढावयाचे. आधी आले ते आधी बाहेर पडे, जुने तळाशी कुजत राहत नसे. गरिबाघरी बांबूची किंवा तुराट्यांची कणगी असे, शेणामातीने लिंपलेली. ती मोडली तर चुलीत जाई आणि तिची राख पुन्हा कडधान्यात मिसळली जाई. आपल्या माताभगिनी तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात लावीत, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालीत, भरण्यापूर्वी धान्यास कडक ऊन देत. उन्हाने धान्यातील ओल शेकडा दहा-बारावर आली की बुरशी धरत नाही आणि कीडही सहसा वाढत नाही, हे आजचे शास्त्र सांगते. त्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, एवढे ठाऊक होते.

जुने ते सर्वच सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. ओल शिरलेल्या पेवातील ज्वारी काळी पडून तिला वास सुटे. उंदरांनी बळदे पोखरली. पेव उघडताच घाईने आत उतरलेली माणसे कोंडलेल्या वायूने प्राणास मुकली. म्हणून जाणती माणसे पेवाचे तोंड बराच वेळ मोकळे ठेवीत, पेटता कंदील दोराने आत सोडीत आणि तो विझला तर कोणास उतरू देत नसत. जुन्यातील विचार घ्यावा, धोका टाकावा, असाच आपला मार्ग असावा.

आता बारदानाकडे वळतो. आडत दुकानांत ज्यांची बालपणे गेली, त्यांना तागाच्या पोत्याची जन्मकथा सांगावयास नको. नवे पोते प्रथम धान्यास. ते रिकामे झाले की झटकून, उन्हात घालून पुन्हा बाजारात. फाटले की दाभण-सुतळीने ठिगळ. ठिगळही धरीनासे झाले की हमालाच्या पाठीवर, बैलाच्या अंगावर, दाराशी पायपुसणे. आणि अखेर उकिरड्यात जाऊन शेतास खत. एका वस्तूने इतके जन्म घेतले आणि शेवटी मातीस काही देऊनच ती गेली. आज प्लास्टिकच्या धाग्यांची पोती स्वस्त म्हणून आली आहेत. ती हलकी आहेत हे खरे. पण थप्पीत ती घसरतात, त्यांतून हवा नीट खेळत नाही, आणि चार महिने उन्हात राहिली की त्यांचा चुरा होऊन तो वाऱ्याबरोबर शेतांत पसरतो. अन्नधान्य व साखर यांच्यासाठी तागाच्या बांधणीस संरक्षण देणारा कायदा केंद्र सरकारने १९८७ साली केला तो मुख्यतः ताग उत्पादक व कामगार यांच्या हितासाठी. परंतु जमिनीचे हितही त्यात साधले आहे.

एवढी पार्श्वभूमी सांगितल्यावर आता ठरावातील मुद्द्यांस हात घालतो.

पहिला मुद्दा इमारतीचा. आपल्या जुन्या वखारीच्या भिंती दगडमातीच्या, अडीच हात जाडीच्या आहेत. वर सागवानी तुळ्या व माळवद आहे, आणि पुढे कोणी दूरदृष्टीने त्या माळवदावर पत्रा चढविला आहे. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असता आत गारवा असतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. नुसत्या पत्र्याची शेड दिवसा तापते आणि रात्री झपाट्याने निवते. हिवाळ्यात पहाटे पत्र्यास आतून दव धरते आणि त्याचे थेंब खालच्या सामानावर पडतात. कपडे, पुस्तके, लाकूड, धान्य यांस उष्णता आणि ओल हेच दोन मोठे शत्रू. ते घालविण्यासाठी मग पंखे आणि यंत्रे लावावी लागतील, म्हणजे विजेचे बिल कायमचे मागे लागेल. जी भिंत फुकटात गारवा देते ती पाडावयाची आणि तोच गारवा विकत घ्यावयाचा, हा हिशेब मला तरी उमजत नाही. भिंती राखून आत लाकडी फळ्यांच्या किंवा लोखंडी जाळीच्या खोल्या काढता येतील. जमिनीवर फळ्यांच्या चौकटी टाकाव्यात, भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे, म्हणजे ओल लागणार नाही आणि उंदरांचा माग काढता येईल.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरीने ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आता शाळेतले एक गणित करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. वखारीचे छप्पर सुमारे २०० चौरस मीटर धरू. ६०० मिलिमीटर पावसात १,२०,००० लिटर पाणी त्यावर पडेल. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ९६,००० लिटर उरले. म्हणजे १२,००० लिटरचे आठ टँकर. पन्हळी व एक हौद एवढाच खर्च आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या शहराशेजारी खजाना विहिरीसारखे जलकाम आहे, त्यांनी छपराचे पाणी रस्त्यावर सोडू नये.

तिसरा मुद्दा औषधांचा. धान्याची वखार म्हटली की किडीचे औषध आले. पूर्वी जगभर मिथिल ब्रोमाइड नावाचा वायू वापरीत. तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरास घातक ठरला, आणि १९८७ च्या माँट्रियल कराराच्या व्यवस्थेनुसार आपल्यासारख्या देशांतही २०१५ पासून, परदेशी पाठवावयाच्या मालासारखे अपवाद वगळता, त्याचा वापर थांबला. आता ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून जो वायू निघतो तो किड्यास मारतो तसा मनुष्यासही मारतो. म्हणून लोकांचे सामान ठेवण्याच्या खोल्यांत आणि वस्तीच्या शेजारी त्या गोळ्या कोणीही स्वतःच्या हाताने ठेवता कामा नये. ते काम परवाना असलेल्या प्रशिक्षित मनुष्याकडेच द्यावे. आणि त्याची वेळच येऊ नये यासाठी ऊन, स्वच्छता व कोरडेपणा हे तीन जुने वैद्य नेमावेत.

चौथा मुद्दा बांधणीचा व टाकाऊ मालाचा. सामान ठेवावयास येणारा प्रत्येक गिऱ्हाईक नवी पुठ्ठ्याची खोकी आणि प्लास्टिकचा कागद आणील, आणि नेताना तो आपल्या दारात टाकून जाईल. त्याऐवजी मंडळाने मजबूत पेट्या करून घ्याव्यात, अनामत रक्कम घेऊन त्या वापरावयास द्याव्यात आणि पेटी परत येताच अनामत परत करावी. नाजूक वस्तूंच्या भोवती जुन्या साड्या, गोधड्या आणि वाळलेले गवत घालावे. आपल्या आज्या उतरंडीच्या मडक्यांखाली चुंबळ ठेवीत, तोच हा प्रकार. जे सामान मालक न्यावयास येत नाहीत, त्याची रीतसर नोटीस द्यावी, आणि मुदतीनंतर त्याची प्रतवारी करावी: वापरण्याजोगे गरजूंस, कागद रद्दीत, धातू मोडीत. जुनी दूरदर्शन व संगणक यंत्रे मात्र कोठेही देऊ नयेत. ती उघड्यावर जाळली की विषारी धूर होतो. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच ती गेली पाहिजेत. ही निवडानिवड हलक्या दर्जाचे काम आहे असे कोणी समजू नये. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून या श्रमास हळूहळू प्रतिष्ठा मिळू लागली आहे.

वखारीतील एक दालन मंडळाच्या भांड्यांसाठी राखावे, अशीही माझी सूचना आहे. पूर्वी ज्ञातीतील कोणाचेही लग्न निघाले की मंडळाची पातेली, परात, ताटे-वाट्या मिळत आणि धुऊन, मोजून परत येत. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तू साऱ्या देशात बंद झाल्या. कायदा आला तरी आपल्या मंगलकार्यांनंतर मैदानात काय पडलेले असते ते आपण पाहतो. पाचशे माणसांची स्टीलची भांडी एकदा घेतली तर ती दोन पिढ्यांस पुरतील.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. या वखारीत कोणाचे सामान राहणार? मोठ्या शहरांत अशा खोल्या बहुधा त्याच वस्तूंनी भरतात, ज्या घरात मावत नाहीत आणि सोडवतही नाहीत. वर्षानुवर्षे भाडे भरून मनुष्य अशी वस्तू जपतो, की जी कोणा दुसऱ्याच्या घरी उद्यापासून उपयोगी पडली असती. प्रामाणिक वखारवाल्याने गिऱ्हाइकास असे सांगण्याचे धैर्य ठेवावे, की 'बाबा, हे कपाट ठेवू नकोस, देऊन टाक.' त्याने भाडे बुडेल, पण विश्वास वाढेल. आणि वखारीचे भांडवल विश्वास हेच आहे.

याउलट ज्यांना साठवणीची खरी गरज आहे ते आपल्या डोळ्यांसमोर आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या माणसांची संख्या लाखांच्या घरात आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने ती पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या खोपीत राहतात. मागे घरास कुलूप असते किंवा थकलेले आईवडील असतात. सालभराची ज्वारी उंदीर खातात, भांडी चोरीस जातात, मुलांचे शाळेचे दाखले आणि शिधापत्रिका वाळवीच्या तोंडी पडतात. शिक्षक म्हणून मी कित्येक वर्षे हे पाहिले आहे. हंगामानंतर परत आलेल्या मुलाचा दाखला सापडत नाही म्हणून त्याचा प्रवेश अडतो आणि एक वर्ष जाते. कागदाच्या एका कपट्यासाठी मुलाचे वर्ष जावे, ही आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठी नासाडी आहे.

माझी सूचना अशी, की वखारीचा चौथा हिस्सा या कुटुंबांसाठी राखावा. पत्र्याची एक ट्रंक, धान्याची एक कोठी आणि कागदपत्रांचे एक पाकीट, एवढे प्रत्येक कुटुंबाचे सामान नाममात्र भाड्यात ऑक्टोबर ते एप्रिल सांभाळावे. नोंदवही ठेवावी, पावती द्यावी, पावतीवर मालकाच्या अंगठ्याबरोबर त्याच्या बायकोचाही अंगठा किंवा सही घ्यावी. उरलेल्या तीन हिश्शांचे भाडे शिष्यवृत्तीस पुरेसे होईल, असा माझा अंदाज नम्रपणे मांडतो. चिटणीसांनी तो तपासून पाहावा.

यावर कोणी म्हणेल, ही माणसे आपल्या ज्ञातीची नव्हेत; मंडळाची मालमत्ता ज्ञातीसाठी आहे. त्यांना मी आदरपूर्वक विचारतो, की ही वखार ज्या पैशांतून उभी राहिली तो पैसा कोठून आला? आपल्या वाडवडिलांच्या आडतीवर ज्यांची ज्वारी, बाजरी, कापूस आणि तूर उतरली, त्यांच्याच घामाचा एक हिस्सा त्या भिंतींत आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अधिकाऱ्यास सांगितले आहे, की साठ्यातील अर्धा भाग प्रजेच्या संकटासाठी राखावा, अर्धा उपयोगात आणावा आणि जुन्याच्या जागी नवे भरीत जावे. दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या कोठारास अर्धा भाग राखता आला, तर आपणांस चौथा हिस्सा जड होऊ नये.

सरकारनेही या दिशेने पावले टाकलेली आहेत. केंद्रीय आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळे १९५७ साली स्थापन झाली, ती शेतकऱ्याने पडत्या भावात माल विकू नये म्हणून. २००७ च्या वखार कायद्याने नोंदणीकृत वखारीच्या पावतीस हस्तांतरणाचे मूल्य दिले, आणि ती पावती तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळू लागले. परंतु सरकारी वखारीत ट्रंक आणि दाखला ठेवता येत नाही. ती उणीव आपल्यासारख्या मंडळानेच भरून काढावयाची आहे.

तेव्हा माझी सभेस विनंती आहे, की ठराव फेटाळू नये आणि आहे तसा मंजूरही करू नये. त्यात चार दुरुस्त्या कराव्यात: भिंती राखाव्यात, छपराचे पाणी साठवावे, बांधणीचे व टाकाऊ सामान पुन्हा उपयोगात आणण्याची व्यवस्था प्रथम करून मगच खोल्या भाड्याने द्याव्यात, आणि चौथा हिस्सा ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी ठेवावा. आपल्या तरुणांनी हा व्यवसाय हिमतीने करावा, हिशेब चोख ठेवावा, नफाही मिळवावा. पुढील वर्षीच्या संमेलनात त्यांनी जमाखर्चाच्या पत्रकाबरोबर आणखी दोन आकडे वाचून दाखवावेत: किती लिटर पाणी साठले, आणि किती मुलांचे दाखले शाबूत परत गेले. ते ऐकावयास मी पुढल्या रांगेत बसेन.